एआयने ‘लाल यादीत’ टाकलेल्या मुलांसाठी सभेत काय मागू?

संख्याशास्त्र_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका कॉमर्स कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, यंदा एकोणिसावं वर्ष. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं लिहिते.

जूनपासून आमच्या बी.कॉम. तिसऱ्या सेमिस्टरच्या एका वर्गाला एआयवर चालणारं ‘वैयक्तिक शिक्षणा’चं सॉफ्टवेअर दिलंय. नाव लिहीत नाही. सुरुवातीला चाळीस प्रश्नांची चाचणी होते, तीवरून प्रत्येकाचा स्तर ठरतो आणि मग ज्याला जे येत नाही त्याचाच सराव त्याला मिळतो. माझ्या स्क्रीनवर वर्ग तीन रंगांत दिसतो: हिरवा, पिवळा, लाल.

मला ही कल्पना मनापासून आवडली होती, हे आधीच सांगते. वर्गात ११८ मुलं आणि मी एकटी. फळ्याकडे तोंड केलं की शेवटच्या चार बाकांवर कोण हरवलंय ते कळत नाही. “समजलं का?” विचारलं की “हो मॅम” येतं आणि त्या ‘हो’चा अर्थ पेपर तपासताना कळतो. प्रत्येकाशेजारी बसून “तू इथे चुकलास” म्हणणारं काहीतरी असावं, असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय.

सप्टेंबरात लाल यादी नीट वाचली. एकेचाळीस नावं. निम्म्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं की ही सगळी गुजराती माध्यमातून आलेली मुलं. डभोई, सावली, वाघोडिया, पादरा इथली. आमच्याकडे परीक्षेचा पेपर इंग्रजीत किंवा गुजरातीत लिहिता येतो. सॉफ्टवेअर मात्र फक्त इंग्रजीत.

त्यातली एक मुलगी बोडेलीहून रोज गाडीने प्रतापनगरला येते. तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि चाचणीतला तिचा चुकलेला एक प्रश्न समोर ठेवला. तीन नाणी उडवली तर ‘अ‍ॅट लीस्ट टू हेड्स’ मिळण्याची संभाव्यता किती? तिने ३/८ वर खूण केली होती. मी हजेरीपत्रकाची मागची बाजू तिच्यापुढे सरकवली आणि गुजरातीत विचारलं, “ओछामां ओछी बे छाप मळे तेनी संभावना शुं?” म्हणजे कमीत कमी दोन छाप पडण्याची संभाव्यता किती. तिने आठही शक्यता ओळीने लिहिल्या, चारांखाली रेघ मारली, ४/८ लिहिलं, खोडून १/२ केलं. मिनिटभरही लागलं नसेल. मग तिने इंग्रजी प्रश्नाकडे पुन्हा पाहिलं आणि हळूच विचारलं, “मॅम, अ‍ॅट लीस्ट एटले बे ज ने?” अ‍ॅट लीस्ट म्हणजे दोनच ना?

म्हणजे ३/८ हे उत्तरसुद्धा चुकीचं नव्हतं. बरोबर दोन छाप पडण्याची संभाव्यता ३/८ च असते. तिने तिला समजलेला प्रश्न बिनचूक सोडवला होता. यंत्राने नोंद केली: ‘संभाव्यता, पाया कच्चा.’ आणि जुलैपासून तिला एक नाणं, एक फासा, एक नाणं, एक फासा हेच दिलं.

यातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं पुढे आहे. गुजरात बोर्डाच्या बारावी कॉमर्सला आंकडाशास्त्र, म्हणजे आपलं संख्याशास्त्र, असतं. त्यात सुरेख सहसंबंध, सुरेख नियतसंबंध, सामयिक श्रेणी, अगदी प्रामाण्य वितरणापर्यंत सगळं येतं. नियतसंबंध म्हणजे आपलं रिग्रेशन, एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची रीत. ही मुलगी ते शिकून आली आहे, बारावीत तिला चांगले गुण आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ती रिग्रेशनपर्यंत पोचलीच नाही, कारण नाण्याचं दार तिच्यासाठी उघडलं नाही. आणि अंतर्गत परीक्षेत प्रश्न त्यावरच.

दुसरी बाजूही सांगते. याच वर्गातला एक मुलगा रात्री नऊपर्यंत मंगळ बाजारात कापडाच्या दुकानात काम करतो. त्याने फोनवर चॅटजीपीटीला गुजरातीत विचारलं होतं की प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढताना n ऐवजी n-१ ने का भागतात. उत्तर त्याने मला दाखवलं: पाच संख्यांची सरासरी १० ठरलेली असेल तर चार संख्या मनाला येतील त्या घे, पाचवी आपोआप ठरते, तिला स्वातंत्र्य उरत नाही. ते त्याला पटलं नव्हतं, म्हणून त्याने पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. रात्री साडेअकराला. वर्गात हा मुलगा दुसऱ्यांदा हात वर करत नाही. तो संवाद वाचताना मला भरून आलं. त्यामुळे हे सगळं बंद करा, असं माझ्या तोंडून निघणार नाही.

आता प्रश्न. पुढच्या महिन्याच्या सभेत हे सॉफ्टवेअर सगळ्या वर्गांना लावायचं आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे १० गुण जोडायचे, असा ठराव येणार आहे. मला बोलायला वेळ मिळेल. मी काय मागावं? ज्यांनी अशी प्रणाली वापरली किंवा बनवली आहे त्यांनी कृपया सांगा.

फतेगंज_ते_पुणे

ताई, मी मूळचा फतेगंजचा. अशी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काम केलंय. तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरचं आतलं मला माहीत नाही, पण या प्रकारात बऱ्याच ठिकाणी मुळाशी ‘नॉलेज ट्रेसिंग’ असतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकात मांडलेली रीत. तुम्ही संख्याशास्त्राच्या आहात, तुम्हाला दोन मिनिटांत कळेल.

प्रत्येक कौशल्यासाठी चार आकडे धरतात. विद्यार्थ्याला ते आधीच येत असण्याची संभाव्यता, एका सरावानंतर ते येऊ लागण्याची, येत असूनही चूक होण्याची, आणि येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची. प्रत्येक उत्तरानंतर बेजच्या नियमाने पहिला आकडा सुधारतात. तो ०.९५ च्या वर गेला की ‘हे कौशल्य आलं’ म्हणून पुढचं दार उघडतं.

गोची तिसऱ्या आकड्यात आहे. ‘येत असूनही चुकणं’ हे प्रमाण सहसा त्या कौशल्यासाठी सगळ्यांना एकच धरलेलं असतं. परक्या भाषेत वाचणाऱ्या मुलीचं ते प्रमाण बरंच जास्त असणार, पण गणिताला हे ठाऊक नाही. मग तिची प्रत्येक चूक ‘येत नाही’ या खात्यात जमा होते आणि जितका सराव जास्त तितकी यंत्राची खात्री जास्त.

सभेत प्रश्ननिहाय नोंदी मागा. नुसता रंग घेऊ नका, कुठल्या प्रश्नाला कुठला पर्याय निवडला ते हवं. शिक्षकाला हाताने स्तर बदलता आला पाहिजे. आणि दार बंद असलं तरी पुढच्या धड्यातले दोन-तीन प्रश्न अधूनमधून सगळ्यांना पडलेच पाहिजेत, नाहीतर खाली गेलेलं मूल वर आलंय हे यंत्राला कळायला मार्गच नाही. ही शेवटची मागणी कंपन्यांना जड जात नाही, सेटिंग बदलायचं काम असतं.

अजून एक. तुमचं सॉफ्टवेअर पर्यायावर टिक घेतं की पायऱ्या तपासतं? कर्ट व्हॅनलेन या संशोधकाने २०११मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले होते. शिकवणी नसलेल्या मुलांच्या तुलनेत नुसतं शेवटचं उत्तर तपासणाऱ्या प्रणालींचा परिणाम ०.३१ प्रमाणित विचलन, पायरी-पायरीला बोलणाऱ्यांचा ०.७६, आणि समोर बसलेल्या माणसाचा ०.७९. टिकवालं असेल तर ‘प्रत्येकाला स्वतःचा शिक्षक’ ही जाहिरात त्याला शोभत नाही.

माणेजा_टीवाय

मॅम, मी तुमच्या कॉलेजची नाही, पण आमच्याकडे गेल्या वर्षी असंच एक होतं, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते.

गुण जोडू नका, प्लीज. आमच्याकडे जोडले आणि आठवड्याभरात सगळे प्रश्नाचा फोटो काढून चॅटजीपीटीला द्यायला लागले. मी पण दिले. मग सॉफ्टवेअरला वाटलं मला सगळं येतं, म्हणून आणखी अवघड प्रश्न आले, ते पण मी त्यालाच विचारले. शेवटी यंत्र यंत्राला शिकवत होतं आणि मी मधे कॉपी-पेस्ट करत होते. सेमिस्टरच्या पेपरात पहिल्या पानावरच मला घाम फुटला. तुमच्या हिरव्या यादीत पण माझ्यासारखे असतील, ते पण बघा.

आणि रंग मुलांना दिसू देऊ नका. आमच्या ग्रुपमध्ये एकाने यादीचा स्क्रीनशॉट टाकला होता. लाल वाल्या दोघी नंतर लॅबमध्ये येईनाशाच झाल्या. त्यातली एक माझ्या बाकावरची होती. तिला अकाउंट्स माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं यायचं.

संख्याशास्त्र_बडोदा

माणेजा, तू हे स्वतःची चूक न लपवता लिहिलंस, तुझं मनापासून कौतुक वाटलं. हिरव्या यादीकडे मी पाहिलंच नव्हतं. काल पंधरा मिनिटांची कागदावरची चाचणी घेतली, फोन बाहेर ठेवून, प्रश्न दोन्ही भाषांत छापून. हिरव्यातल्या नऊ जणांना सॉफ्टवेअरमध्ये सोडवलेलाच प्रश्न कागदावर सुरूही करता आला नाही. लाल यादीतल्या चौदा जणांनी पिवळ्यातल्या बहुतेकांपेक्षा चांगलं लिहिलं. बोडेलीची मुलगी त्या चौदांत आहे.

फतेगंज, टिकवालंच आहे. चार आकड्यांचं वाचल्यावर मी वहीत मांडून पाहिलं. सलग तीन चुकांनंतर पुढची दोन उत्तरं बरोबर आली तरी आकडा कसा रखडतो, ते स्वतःच्या हाताने केल्यावर नीट कळलं. हे सभेत फळ्यावर करून दाखवणार आहे.

निवृत्त_बीएड

ताई, मी १९७० च्या दशकात बी.एड. केलं तेव्हा ‘प्रोग्राम्ड लर्निंग’ची फार हवा होती. मानसशास्त्रज्ञ स्किनरची शिकवणारी यंत्रं आम्ही पुस्तकातच पाहिली, पण त्या पद्धतीचे पाठ मात्र लिहायला लागायचे. एक छोटी चौकट, एक रिकामी जागा, उत्तर झाकलेलं, बरोबर आलं की पुढची चौकट. मी ‘व्याज’ या विषयावर साठ चौकटी लिहिल्या होत्या. विद्यार्थी आपापल्या वेगाने जातो, एवढंच तेव्हाचं वैयक्तिक शिक्षण.

त्याच काळात नॉर्मन क्राउडर यांची दुसरी तऱ्हा होती, ती मला जास्त भावली. तिच्यात चुकीचा पर्याय निवडला की तुम्ही पुस्तकाच्या वेगळ्याच पानावर जाता, आणि ते पान सांगतं, ‘तुम्ही हे उत्तर दिलंत, म्हणजे बहुधा असा विचार केलात, तो इथे घसरतो.’ प्रत्येक चुकीला तिचं स्वतःचं पान. असा पाठ लिहायचा तर कुठली मुलं काय विचार करून चुकतात ते आधी गोळा करावं लागे. आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला त्यासाठी शाळेत पाठवलं होतं, मुलांच्या चुका उतरवून आणायला.

तुमच्या मुलीचं ३/८ ही तशी चूक आहे. त्या एका उत्तरात ‘अ‍ॅट लीस्ट हा शब्द अडला’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे, वाचणारा हवा. ७/८ आलं असतं तर तिने ‘जास्तीत जास्त दोन’ असं वाचलंय हे कळलं असतं. साठ वर्षांपूर्वी छापील पानावर जमत होतं ते आजच्या यंत्राला जमू नये असं काही नाही. मागणी करा की प्रत्येक चुकीच्या पर्यायाला त्याचं कारण जोडा. पर्यायांची कारणं तुम्ही शिक्षकांनी लिहून द्या, कंपनीच्या माणसाला ती सुचणार नाहीत.

आणि आठवड्यातून एक तास तरी सगळा वर्ग एकत्र, एकाच प्रश्नावर बसवा. एकाची चूक दुसऱ्याच्या कानावर पडायला हवी.

राजवाडा_इंदूर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मीही हिंदी माध्यमातून शिकलो, घरी मराठी, इंदुरात कॉलेज. पहिल्या नोकरीत इंग्रजीमुळे दोन वर्षं मार खाल्ला. तुम्ही मुलांना गुजरातीत प्रश्न दिलेत तर आज त्यांना बरं वाटेल, पण बँकेची परीक्षा आणि ऑफिसातला एक्सेल इंग्रजीतच येणार आहे. सॉफ्टवेअर त्यांना ती अडचण आत्ताच दाखवतंय. आणि ‘अ‍ॅट लीस्ट’ बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कळू नये, हेही जरा जास्तच झालं. यंत्रावर सगळं खापर कशाला?

संख्याशास्त्र_बडोदा

राजवाडा, राग नाही. तुम्ही सोसलेलं आहे म्हणून बोलताय. पण सॉफ्टवेअरने तिला इंग्रजीची अडचण दाखवलीच नाही. दाखवली असती तर मी त्याला दुवा दिला असता. त्याने तिला सांगितलं की तुला संभाव्यता येत नाही, आणि तिने ते खरं मानलं. अडीच महिने ती एका नाण्याचे प्रश्न सोडवत होती आणि घरी म्हणत होती की मला आंकडाशास्त्र जमत नाही, विषय बदलू का. ‘अ‍ॅट लीस्ट’ शिकवायला मला दहा मिनिटं लागली. अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, एक्झॅक्टली, मोअर दॅन, नॉट मोअर दॅन हे पाच शब्दप्रयोग फळ्यावर एकाखाली एक लिहिले, समोर गुजराती, त्यासमोर तीन नाण्यांवरचं उत्तर. मागच्या बाकांवरची मुलं वहीत उतरवून घेत होती. इंग्रजी माध्यमाचीसुद्धा, कारण ‘नॉट मोअर दॅन’ला तीही अडखळतात. इंग्रजी शिकवूया, जरूर शिकवूया. ती इंग्रजी म्हणून शिकवूया आणि तिची चूक इंग्रजीच्याच खात्यात लिहूया.

शिवाय २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणही मातृभाषेत किंवा दोन भाषांतून देण्याचं म्हटलं आहे. सभेत ते वाक्य मी वाचून दाखवणार आहे.

फतेगंज_ते_पुणे

गुण न जोडण्याच्या बाजूने एक दाखला जोडून ठेवा. तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांवर गणितात प्रयोग झाला होता. काहींना साधा चॅटबॉट दिला, काहींना शिक्षकांनी बांधून दिलेला, म्हणजे फक्त इशारा देणारा आणि उत्तर न सांगणारा. सरावात साध्यावाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, बांधलेल्यावाल्यांची १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर साधा चॅटबॉट वापरलेली मुलं कधीच यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. बांधलेल्यावाल्यांचं तसं नुकसान जवळपास झालं नाही. म्हणजे माणेजाने स्वतःबद्दल लिहिलं तेच. मंगळ बाजारवाल्या मुलालाही सांगा की प्रश्नाआधी ‘मला उत्तर देऊ नकोस, माझी पायरी तपास’ एवढं गुजरातीत लिहून टाक. फरक पडतो.

संख्याशास्त्र_बडोदा

सभा झाली, म्हणून परत आले.

१० गुणांचा ठराव या सेमिस्टरपुरता मागे घेतला. फळ्यावर चार आकड्यांचं गणित केलं तेव्हा अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ सर मधेच उठून म्हणाले, “म्हणजे पहिल्या दिवशीची चूक यंत्र विसरतच नाही?” विसरतं, पण फार हळू, असं मी म्हटलं. त्यानंतर फारसं बोलावं लागलं नाही. रंग मुलांना दिसणार नाहीत. स्तर शिक्षकाला बदलता येईल, हे कंपनीने मान्य केलं, आणि मी त्याच रात्री बसून चौदा नावं वर सरकवली. प्रश्ननिहाय नोंदी मिळायला महिना लागेल म्हणतात, त्याचा पाठपुरावा करावा लागणार.

गुजराती प्रश्नसंच मात्र यंदा होणार नाही, असं उत्तर आलं. म्हणून ते काम आम्हीच हाती घेतलं. आधी एआयकडून भाषांतर करून पाहिलं. वाक्यं सुरेख उतरली, पण रिग्रेशनला त्याने ‘प्रतिगमन’ केलं. बोडेलीच्या मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, हा शब्द आमच्या पुस्तकात कुठेच नव्हता. बारावीच्या पुस्तकात नियतसंबंध आहे, मुलांच्या तोंडी तोच आहे. मग असं ठरवलं की भाषांतर यंत्राने करायचं आणि प्रत्येक संज्ञा तिने बारावीच्या पुस्तकाशी ताडून पाहायची. चुकीच्या पर्यायांची कारणं मी लिहिते, निवृत्त_बीएड यांनी सांगितल्याप्रमाणे. एका प्रश्नाला चार पर्याय, तीन कारणं. तिसरं कारण बहुतेक वेळा मला सुचत नाही, तिला सुचतं, कारण तिच्या मैत्रिणी तशा चुकलेल्या असतात.

तिच्या संमतीशिवाय मी इथे इतकं लिहिलं नसतं, हेही सांगून ठेवते. तिने हा धागा वाचलाय.

संभाव्यतेचे तीस प्रश्न पूर्ण झाले. नियतसंबंधाचे बाकी आहेत. सोमवारी शेवटचा तास संपला की तिची गाडी सुटेपर्यंत आम्हाला पाऊण तास मिळतो.